कॅमेरा हलवावा कधी, थांबवावा कधी?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

कॅमेरा ही आता श्रीमंतांची मिरास राहिलेली नाही. मोबाईलच्या रूपाने तो घरोघर जाऊन पोहोचला आहे. बारशापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक प्रसंगाचे चित्रण होते. परंतु हेच चित्रण चार दिवसांनी पाहायला बसावे, तर पाहणाऱ्याचे डोळे गरगरू लागतात. नवरी दिसते न दिसते तोच मांडवाचे छत दिसते, छतावरून कॅमेरा एकदम वाजंत्र्यांवर उडी घेतो, आणि अक्षता पडण्याच्या नेमक्या क्षणी चित्र धूसर होते. यात दोष यंत्राचा नसतो. मुळाक्षरे गिरवण्याआधीच हातात लेखणी पडावी, तशी आपली गत झालेली आहे.

या विषयावर अधिकारवाणीने लिहावे एवढी माझी योग्यता नाही, हे आरंभीच कबूल करते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. कॅमेऱ्याचे शास्त्र शिकवणारे घरी कोण असणार? जे काही शिकले ते ग्रंथालयातल्या दोन-तीन पुस्तकांतून, सरांच्या टोमण्यांतून आणि मुख्यतः स्वतःच्या चुकांतून. माझ्यासारख्याच नवशिक्या मित्र-मैत्रिणींना त्या चुका टाळता याव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फसलेला पहिला प्रयोग

माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याचे काम करतात. ज्यांच्या घरी आता सारी भांडी स्टीलचीच आहेत, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगते. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार असे आंबट काही ठेवले की ते कळकते. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात. जमिनीत खळगा करून कोळशाची भट्टी पेटवायची, ती भात्याने फुलवायची, भांडे पुरेसे तापले की आत नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठतो. तेवढ्यात कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सरसर आतून फिरवायचे. काळवंडलेले भांडे बघता बघता चांदीसारखे लखलखू लागते. कथील फिरवण्याचा हा मुख्य खेळ अवघ्या काही क्षणांचा असतो.

आमच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. त्याआधी देवळातले हंडे आणि पातेली कल्हईसाठी अप्पांकडे येतात. मागच्या वर्षी आमच्या वर्गात पाच मिनिटांचे चित्रण करून आणण्याचा उपक्रम झाला, तेव्हा मी हाच विषय घेतला. भावाचा मोबाईल मागून घेतला आणि मोठ्या उत्साहाने अप्पांभोवती नाचत नाचत सारे टिपले.

वर्गातल्या पडद्यावर ते चित्रण लागले, तेव्हा धरणीने पोटात घ्यावे असे मला झाले. कॅमेरा भट्टीवरून अप्पांच्या चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून भात्यावर, तिथून परत भट्टीवर असा सैरावैरा धावत होता. धूर उठताच चित्र धूसर होई, मग स्पष्ट होई, पुन्हा धूसर होई. जाळ भडकला की अप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडे. आणि ज्या क्षणासाठी हा सारा खटाटोप केला, तो कथील फिरवण्याचा क्षण आला, तेव्हा माझा कॅमेरा होता भात्याकडे! सर म्हणाले, "अगं, हे कल्हईचं चित्रण आहे की भूकंपाचं?" सारा वर्ग हसला. मीही हसले.

पण त्या रात्री जेवताना अप्पांनी विचारले, "दावलंस का गं कालेजात? माजं हात दिसलं का त्यात?" तेव्हा मात्र मला हसता आले नाही. "दिसले की," असे खोटेच सांगून मी ताटात मान घातली. सप्ताह पुन्हा वर्षाने येणार होता. तोवर हे शास्त्र नीट शिकायचे, असा मी निश्चय केला.

पहिला धडा : थांबणे

कॅमेरा हलवायला शिकण्याआधी तो स्थिर ठेवायला शिकावे. हा धडा फार साधा वाटतो. पण नवशिक्याला सर्वांत कठीण जातो तो हाच.

चित्रपटाच्या जन्माच्या वेळी कॅमेरा बहुधा एका जागी उभाच असे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलत्चित्रे दाखवण्यात आली. त्या काळच्या अशा बहुतेक चित्रांत कॅमेरा जागचा हलत नाही, आणि तरीही लोक ती पाहून थक्क झाले. कारण चौकटीच्या आत जीवन हलत होते. दादासाहेब फाळक्यांनी ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला. त्याआधी १९१२ साली वाटाण्याचे बी रुजून त्याचे रोप कसे वाढते, हे त्यांनी थोड्या थोड्या अवधीने टिपून एक लहानसा चित्रपट केला होता. विचार करा, त्या प्रयोगात कॅमेरा रोज इंचभर जरी सरकला असता, तर रोप वाढताना न दिसता उड्या मारताना दिसले असते. स्थैर्याची किंमत अशी असते. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ सालचा मराठी चित्रपट पाहावा. त्यातला कॅमेरा कितीतरी वेळ नुसता शांतपणे पाहत राहतो, आणि प्रेक्षकालाही पाहायला लावतो.

आता प्रत्यक्ष कृती. मोबाईल शक्यतो आडवा आणि दोन्ही हातांनी धरावा. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, पाय खांद्याइतके फाकवावेत, गुडघे किंचित सैल ठेवावेत. भिंत, खांब, झाडाचे खोड असे काही जवळ असेल तर त्याला पाठ टेकावी. श्वास रोखून धरू नये, संथपणे सोडावा. ट्रायपॉड मिळाला तर उत्तमच. पण माझ्याजवळ तो नव्हता. धान्याने अर्धी भरलेली पिशवी उंबरठ्यावर ठेवून तिच्यात मोबाईल रुतवला की काम भागते, असा माझा अनुभव आहे.

दृश्य निदान दहा सेकंद तरी टिपावे. आणि कॅमेरा हलवायचाच असेल, तर हलवण्यापूर्वी पाच सेकंद व थांबल्यावर पाच सेकंद तो स्थिर ठेवावा. पुढे संकलन करताना दृश्ये कुठे तोडावीत आणि कुठे जोडावीत, हे या स्थिर जागांमुळेच ठरवता येते. माझ्या पहिल्या चित्रणात अशी एकही जागा नव्हती. त्यामुळे ते सुधारूही म्हटले तरी सुधारता येईना.

दुसरा धडा : मान फिरवणे, मान उचलणे

जागच्या जागी उभे राहून कॅमेरा डावीकडून उजवीकडे किंवा उजवीकडून डावीकडे फिरवणे, याला पॅन म्हणतात. जागीच राहून खालून वर अथवा वरून खाली नेणे, याला टिल्ट म्हणतात. आपण मान फिरवतो आणि मान उचलतो, तशाच या दोन हालचाली आहेत.

पॅन करताना घाई हा मोठा शत्रू. असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. चलत्चित्र म्हणजे दर सेकंदाला घेतलेली चोवीस, पंचवीस किंवा तीस स्थिर चित्रे. कॅमेरा वेगाने फिरला तर लागोपाठच्या दोन चित्रांत फार अंतर पडते. डोळ्याला ती सांधता येत नाहीत आणि दृश्य अडखळत, ठेचकाळत चालले आहे असे वाटते. म्हणून चौकटीच्या एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेला पोहोचायला सुमारे सात सेकंद लागावेत, असा एक ढोबळ नियम आहे. मी मनातल्या मनात सावकाश सात अंक मोजते. धावत्या माणसाच्या किंवा गाडीच्या मागे कॅमेरा फिरवायचा असेल तर हा नियम लागू नाही, कारण तिथे नजर त्या धावणाऱ्यावर खिळलेली असते. मात्र तो ज्या दिशेला जातो आहे त्या बाजूला, म्हणजे त्याच्या नाकापुढे, थोडी मोकळी जागा सोडावी. नाहीतर तो चौकटीवर जाऊन आपटेल असे वाटते.

आणखी एक युक्ती. पॅन जिथे संपणार आहे, तिकडे पावले वळवून आधी उभे राहावे. मग कमरेतून वळून आरंभाच्या जागी यावे आणि तिथून पीळ सोडवत सोडवत शेवटाकडे जावे. म्हणजे शेवटी शरीर सहज स्थितीत येते आणि हात थरथरत नाही. आपण बरोबर याच्या उलट करतो. सुरुवात आरामात आणि शेवटी तारांबळ!

तिसरा धडा : जवळ जाणे आणि जवळ आणणे

एस. टी. च्या खिडकीतून बाहेर पाहा. रस्त्याकडेच्या बाभळी भरभर मागे पळतात, शेतातली विहीर हळूहळू सरकते आणि दूरचा डोंगर मात्र जागचा हलत नाही. कॅमेरा स्वतः जागा बदलतो तेव्हा असेच घडते. जवळच्या वस्तू वेगाने आणि दूरच्या संथपणे सरकतात, त्यामुळे सपाट पडद्यावरही खोलीचा भास होतो. याला ट्रॅकिंग म्हणतात. १८९६ मध्येच ल्युमिएर यांचा कॅमेरामन प्रोमिओ याने व्हेनिस शहरात होडीतून जाताना काठावरची दृश्ये टिपली होती. पुढे १९१४ साली 'काबिरिया' या इटालियन चित्रपटात जिओव्हानी पास्त्रोने याने चाकांच्या गाडीवरून कॅमेरा सरकवला.

झूम ही गोष्ट याहून अगदी वेगळी. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, फक्त चित्र मोठे होते. जवळच्या-दूरच्या वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते तेच राहते. थोडक्यात, ट्रॅकिंगमध्ये आपण वस्तूजवळ जातो. झूममध्ये वस्तूला आपल्याजवळ ओढून आणतो. या दोहोंतला फरक पाहायचा असेल तर हिचकॉकचा १९५८ सालचा 'व्हर्टिगो' पाहावा. उंचीची भीती वाटणाऱ्या नायकाच्या डोळ्यांतून जिना दाखवताना कॅमेरा एका दिशेने सरकतो आणि त्याच वेळी झूम उलट दिशेने होते. पाहणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. त्यासाठी जिन्याची लहान प्रतिकृती आडवी ठेवून चित्रण केले होते.

झूमचा बुद्धिपूर्वक उपयोग पाहायचा तर सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४) पाहावा. आपण मात्र झूमचे बटण दिसले की ते दाबत सुटतो. शिवाय पुष्कळ मोबाईलमध्ये झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून तो मोठा करणे एवढेच असते. त्यात बारीक तपशील हरवतो आणि हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. म्हणून माझे सांगणे असे की, शक्य तिथे झूम करू नये. पायांनी दोन पावले जवळ जावे.

चालताना चित्रण करायचे तर टाच आधी टेकवून मग पाऊल हळूच उतरवावे, डोक्यावर पाण्याचा हंडा असल्यासारखे. १९७० नंतरच्या दशकात गॅरेट ब्राउन याने स्टेडीकॅम नावाचे साधन तयार केले. कॅमेरामनच्या अंगावर बांधलेल्या या साधनामुळे चालता-पळतानाही कॅमेरा तरंगत गेल्यासारखा वाटतो. ते आपल्याला कुठून मिळणार? मी भावाच्या सायकलच्या कॅरियरवर उलटी बसले आणि त्याने ती सावकाश ढकलत नेली. डांबरी रस्त्यावर हा प्रयोग चांगला जमला. पाणंदीत मात्र आम्ही दोघेही पडलो.

चौथा धडा : फोकस

एक बोट डोळ्यांपुढे धरा आणि त्याच्याकडे टक लावून पाहा. मागची भिंत धूसर होते. भिंतीकडे पाहा, बोट धूसर होते. भिंगाचेही असेच आहे. एका वेळी ते एकाच अंतरावर पूर्ण स्पष्ट चित्र देते. त्या अंतराच्या थोडे पुढे-मागे जे येते तेही पुरेसे स्पष्ट दिसते. या पट्ट्याला स्पष्टतेची खोली म्हणू.

ही खोली तीन गोष्टींवर अवलंबून असते. भिंगाचे छिद्र लहान केले तर खोली वाढते, मोठे केले तर कमी होते. भिंगाच्या कड्यावरचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान, हे उलटे गणित ध्यानात ठेवावे. वस्तू जवळ असेल तर खोली कमी, दूर असेल तर जास्त. आणि दूरचे जवळ दाखवणाऱ्या लांब भिंगाने खोली कमी होते, विस्तीर्ण दृश्य घेणाऱ्या भिंगाने वाढते. १९४१ च्या 'सिटिझन केन' मध्ये ग्रेग टोलंड याने विस्तीर्ण भिंग, लहान छिद्र आणि भरपूर प्रकाश यांच्या बळावर अगदी पुढचा माणूस व पार मागचा माणूस एकाच वेळी स्पष्ट दाखवले.

मोबाईलमधला कॅमेरा फोकस आपोआप शोधतो. सामान्यतः तो चांगले काम करतो. पण धूर, धुके, काच, पाऊस असे काही मध्ये आले की तो गोंधळतो आणि पुढे-मागे चाचपडू लागतो. माझे चित्र धूसर-स्पष्ट होत होते ते याचमुळे. यावर उपाय आहे. बऱ्याच मोबाईलमध्ये पडद्यावर हव्या त्या वस्तूवर बोट दाबून धरले की फोकस आणि प्रकाशाचे प्रमाण दोन्ही तिथेच कुलूपबंद होतात. मग धूर येवो की जाळ भडको, चित्र बदलत नाही. मात्र कुलूप लावल्यावर आपले आणि वस्तूचे अंतर बदलू नये.

एका वस्तूवरचा फोकस हळूच काढून दुसऱ्या वस्तूवर नेणे ही आणखी एक पद्धत. भात्याच्या मुठीवरून मागच्या चेहऱ्यावर, असे. यातून न बोलता प्रेक्षकाला सांगता येते, 'आता इकडे पाहा.' चित्रपटांत फक्त फोकस सांभाळण्यासाठी एक वेगळा माणूस असतो. तो फितीने अंतर मोजून, जमिनीवर खुणा करून काम करतो. आपणही निदान खडूची एक रेघ ओढायला हरकत नाही.

जाता जाता ट्यूबलाइटविषयी एक सूचना. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते. कॅमेऱ्याचा शटर तिच्याशी न जुळणाऱ्या वेगाने उघडला तर चित्रात पट्टे सरकताना किंवा दिवे लुकलुकताना दिसतात. अशा वेळी शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवावा.

दुसरी संधी

वर्षभर मी हापशावर, गोठ्यात आणि एस. टी. स्टँडवर सराव केला. यंदा सप्ताह जवळ आला तेव्हा कळले की पुढच्या वर्षीपासून देवळात सारी भांडी स्टीलची घ्यायचे ठरले आहे. म्हणजे देवळाच्या भांड्यांचे हे काम शेवटचेच. अप्पांनी ते ऐकले आणि "बरं" एवढेच म्हणाले. एकूण अकरा भांडी आली होती.

आदल्या रात्री मी कागदावर आराखडा केला. भांडी अकरा, म्हणजे तीच कृती अकरा वेळा होणार. मग एकाच भांड्यामागे धावण्याचे कारण काय? पहिल्या दोन भांड्यांच्या वेळी मी लांब थांबून भट्टी, भाता, अप्पा असे पूर्ण दृश्य घेतले. पुढच्या तीन भांड्यांना फक्त हात टिपले. नंतर दोन वेळा फक्त चेहरा. भट्टी आणि अप्पा यांच्यामधून एक रेघ कल्पून मी सतत तिच्या एकाच बाजूला राहिले, म्हणजे जोडणी करताना अप्पांचे तोंड कधी डावीकडे, कधी उजवीकडे असे होऊ नये. हंड्याच्या काठावर बोट दाबून फोकसला कुलूप लावले. पाचव्या भांड्याच्या वेळी घामेजलेला अंगठा पडद्याला लागून कुलूप सुटले आणि ते दृश्य वाया गेले. पण अजून सहा भांडी शिल्लक होती. साऱ्या चित्रणात कॅमेरा मी एकदाच हलवला. कथील फिरवणाऱ्या हातांवरून वर अप्पांच्या चेहऱ्याकडे, सात अंक मोजत.

संध्याकाळी अप्पांना ओट्यावर बसवून मी ते चित्रण दाखवले. धूर उठला, विरला, आणि त्यांचे हात लख्ख दिसू लागले. अप्पा मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले, आता शाबासकी मिळणार. ते म्हणाले, "परत लाव." मी लावले. "हितं थांबव. बग, ह्या हंड्याची कड सुटलीया. कथील पोचलंच न्हाई तितं."

खरोखरच काठाखाली बोटभर काळा पट्टा राहिला होता. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी अप्पांनी सायकल काढली, देवळातून तो हंडा परत आणला, पुन्हा भट्टी पेटवली आणि कड पुरी केली. मग म्हणाले, "आता दाव कालेजात."

असो. वाचकहो, पॅन, टिल्ट, झूम ही नावे एखादे वेळी विसरली तरी फारसे बिघडत नाही. तुमच्या घरीही कोणी टोपल्या विणत असेल, कोणी नांगराचा फाळ शेवटत असेल, कोणी वाकळ शिवत असेल. एकदा त्यांच्यासमोर कॅमेरा घेऊन बसा. आधी नुसते पाहा, मग हात स्थिर करा, फोकस लावा आणि मगच बटण दाबा. माझ्या अप्पांप्रमाणे त्यांनाही आपले हात एकदा नीट पाहायला मिळू देत.